क्रूझर की टूरिंग? सुरत-धुळे रस्त्यावर पाठीला कोणती बाईक मानवते

अखाजी असो की दिवाळी, उधना, लिंबायत, डिंडोलीतली खान्देशी तरुण मंडळी गावी जायला थेट बाईक काढतात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट आणि पुढे धुळे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. नवी गाडी घ्यायची ठरली की प्रश्न पडतो: मीटिओर, अ‍ॅव्हेंजरसारखी क्रूझर घ्यावी, की हिमालयन, डॉमिनारसारखी लांब पल्ल्याची टूरिंग?

शोरूममध्ये जिंकते ती क्रूझर. मीटिओर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर, अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० ची तर ७३७ वर. दोन्ही पाय जमिनीला आरामात टेकतात, हँडल हाताशी येतं, पाय पुढे पसरता येतात. अगदी आरामखुर्ची! पण आरामखुर्ची खड्ड्यातून जात नाही.

खरा फरक पायांच्या जागेत आहे. क्रूझरवर पाय पुढे असल्याने अंगाचा जवळपास सगळा भार माकडहाडावर येतो. समोर खड्डा दिसला तरी पायांवर जोर देऊन पटकन सीटवरून उठता येत नाही, धक्का थेट कंबरेत जातो. टूरिंग बाईकवर पाय साधारण गुडघ्यांखाली येतात. भार सीट, पाय आणि थोडा हातांवर वाटला जातो, आणि खराब पट्टा आला की क्षणभर उभं राहता येतं. शॉकअपचाही हिशेब बघा. सुपर मीटिओर ६५० चं मागचं चाक १०१ मिलिमीटर वर-खाली होऊ शकतं, हिमालयन ४५० चं २००. सीट खाली ठेवायची तर शॉकअपला जागा कमीच उरते. गादी कितीही मऊ असली तरी हे गणित बदलत नाही.

मग सरळ हिमालयनच घ्यावी का? उंची पाच फूट चारच्या आसपास असेल तर जरा थांबा. तिची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. वजनात फार फरक नाही, मीटिओर १९१ किलो आणि हिमालयन १९६. पण उंच गाडीचं वजनही वर असतं. रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये मागे बायको, पुढे टाकीवर पिशवी आणि खाली फक्त चवडे टेकलेले, अशा वेळी गाडी जागच्या जागी कलंडते. डॉमिनार ४०० ची सीट ८०० वर आहे. तिला २०२१ पासून उंच काच, मागे कॅरियर आणि पाठ टेकायची सोय कंपनीकडूनच मिळते. मधला मार्ग म्हणून ती आमच्या मते बरी.

काचेला कमी लेखू नका. ऐंशीच्या पुढे क्रूझरवर छाती वाऱ्याला आडवी येते आणि माणूस हँडलला लटकल्यासारखा होतो. खांदे तिथेच भरून येतात. क्रूझर आधीच घेतली असेल तर काच बसवून घ्या. व्यारा, नवापूर असे थांबे घेत गेलात तर तीही गावी पोहोचवते.

आणि मागच्या सीटचं कोणी विचारतच नाही! साडी नेसून एका बाजूला बसायचं तर क्रूझरवर चढणं सोपं, उंच टूरिंगवर कसरत. मात्र पुष्कळ क्रूझरची मागची सीट आखूड असते आणि मागच्या चाकाच्या बरोबर वर येते, त्यामुळे चालवणाऱ्यापेक्षा जास्त धक्के मागच्यालाच बसतात. नव्वद टक्के फिरणं सुरतेतलं, डुमसपर्यंतचं असेल तर क्रूझर घ्यायला हरकत नाही. वर्षातून तीन-चारदा डबलसीट गावी जात असाल तर टूरिंगच पाहा.

ट्रायलला एकट्याने जाऊ नका. नेहमी मागे बसणाऱ्या माणसाला सोबत न्या, दोघांचं हेल्मेट घ्या, आणि अर्धा तास तरी गाडी मागून घ्या. मागच्या शॉकअपची स्प्रिंग डबलसीटप्रमाणे घट्ट करायला आणि हवा तपासायला आधीच सांगा. एकट्याच्या सेटिंगवर दोघं बसले तर चांगली गाडीही स्पीडब्रेकरवर आपटते. उतरल्यावर काय दुखतंय ते बघा. मनगट दुखत असेल तर हँडल थोडं फिरवून काम होतं. माकडहाड दुखत असेल तर दुसरी गाडी बघा.