'इंडिफरंट' : एका शब्दाची घसरण

कुणाच्या सुखदुःखाचें ज्याला सोयरसुतक नाहीं, अशा माणसाला इंग्रजींत 'इंडिफरंट' म्हणतात. आपल्या सुशिक्षित घरांतूनहि हा शब्द दूषण म्हणूनच योजला जातो. परंतु श्रोतेहो, एके काळीं इंग्रज लोक हाच गुण न्याय देणाऱ्यांच्या ठायीं असावा म्हणून देवाची करुणा भाकीत असत !

इंग्लंडच्या चर्चचा इंग्रजी प्रार्थनाग्रंथ 1549 सालीं निघाला. राजाच्या अधिकाऱ्यांनीं सत्यानें आणि 'इंडिफरंट' वृत्तीनें न्याय करावा, अशी याचना त्यांत आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'भेद नसलेला'. तेव्हां आप्त आणि परका, धनिक आणि दरिद्री यांच्यांत जो भेद करीत नाहीं, तो 'इंडिफरंट'.

धर्मशास्त्रांत या शब्दाला निराळीच छटा होती. शास्त्रानें ज्याची आज्ञा केली नाहीं आणि ज्याचा निषेधहि केला नाहीं, तें 'इंडिफरंट'. राणी एलिझाबेथच्या कारकीर्दींत धर्मोपदेशकांच्या पांढऱ्या झग्यावरून मोठा वाद माजला. झगा 'इंडिफरंट' आहे, म्हणूनच राजाज्ञा मानावी, असें बिशपांचें म्हणणें. 'इंडिफरंट' आहे, तर मग सक्ती कशाला, हा विरोधकांचा सवाल. 1566 सालीं लंडनमधील 37 धर्मोपदेशकांनीं झगा नाकारला व त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. ज्या वस्तूनें कांहींच फरक पडूं नये, तिच्यापायीं त्यांच्या पोटावर पाय आला !

जें चांगलेंहि नाहीं आणि वाईटहि नाहीं, तें मध्यम. शेक्सपिअरचा हॅम्लेट 1600 च्या सुमारास हा शब्द 'बऱ्यापैकीं' अशा अर्थानें उच्चारतो. पुढें मध्यमाचें निकृष्ट झालें. आणि पक्ष न घेणारा तो आस्थाच नसलेला ठरला. 1789 च्या अमेरिकन प्रार्थनाग्रंथांत तर न्यायाच्या प्रार्थनेंतून हा शब्द काढून त्या जागीं 'निःपक्षपातीपणें' अशा अर्थाचा दुसरा शब्द घातला गेला.

असें कां व्हावें ? बाहेरून पाहणाराला निःपक्षपाती आणि बेफिकीर हे दोघेहि सारखेच स्तब्ध दिसतात. आपल्या 'उदासीन' शब्दाची गतहि फारशी वेगळी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील उदासीन राजा हा लढणाऱ्यांपासून अलिप्त, पण त्यांना हात देण्यास वा आवरण्यास समर्थ असा बलाढ्य राजा. आज आपण उदासीन म्हणतों तो खिन्न किंवा निरिच्छ माणसाला.

न्यायाधीश दोन्ही पक्षकारांना समान अंतरावर ठेवतो, तें त्याला न्यायाची आस्था असते म्हणूनच. ही आस्था सुटली म्हणजे अंतर तेवढें उरतें. तेव्हां कुणाला 'इंडिफरंट' म्हणण्यापूर्वीं, तो जुन्या अर्थानें आहे कीं नव्या, एवढें मात्र अवश्य पाहावें.