जुनी वस्तु कोणत्या बाजारांत विकावी?

माझे एक स्नेही गेल्या वर्षीं निवर्तले. गाण्याचे ते मोठे शोकीन. तरुणपणीं पगारांतून पैसा पैसा शिल्लक टाकून त्यांनीं तबकडी वाजविण्याचें यंत्र, एक ॲम्प्लिफायर आणि दोन जड लाकडी पेट्यांचे लाउडस्पीकर असा संच जमविला होता. लोक ज्याला ‘हाय-फाय’ म्हणतात तो. ते गेल्यावर वहिनींनीं मला बोलावून सांगितलें, “भाऊजी, मुलगा दूर देशीं, मला हें यंत्र चालवितां येत नाहीं. चार पैसे आले तर औषधपाण्याला होतील. पण तें भंगारांत मात्र जाऊं देऊं नका.” मी पडलों इतिहासाचा मास्तर, व्यापार माझ्या सात पिढ्यांत कोणीं केलेला नाहीं. तेव्हां इतिहासालाच विचारूं लागलों कीं, जुनी वस्तु निर्धास्तपणें विकावी कोठें? त्याचें जें उत्तर मिळालें, तें आज आपणांपुढें ठेवावें असें योजिलें आहे.

प्रथम वस्तूची कुळकथा. एडिसननें फोनोग्राफ केला तो सन १८७७ मध्यें. दहा वर्षांनीं, १८८७ मध्यें, एमिल बर्लिनरनें ग्रामोफोन पुढें आणला आणि नळकांड्याची जागा हळूहळू सपाट तबकडीनें घेतली. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें मुद्रित झालें आणि आपल्याकडील बैठकींतलें गाणें घरोघर जाऊं लागलें. १९४८ मध्यें अमेरिकेंत दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली, १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकडी आली, आणि १९८२ मध्यें सीडी आली. प्रत्येक नव्या यंत्रानें जुन्याला माळ्यावर धाडलें. पण काळाची थट्टा अशी कीं, २०२० सालीं अमेरिकेंत तबकड्यांच्या विक्रीचें उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून पुन्हां अधिक झालें. १९८० च्या दशकानंतर असें प्रथमच घडलें. म्हणून “आतां हें कोण घेतो?” असें म्हणणारा दुकानदार एक तर अजाण असतो, नाहीं तर फार जाणता असतो.

आतां बाजाराची गोष्ट. इंग्लंडांत जुन्या काळापासून ‘खुल्या बाजारा’चा एक चमत्कारिक नियम होता. लंडन शहरांत रविवार वगळून कोणत्याही दिवशीं, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळांत, प्रत्येक दुकान आपापल्या नेहमींच्या मालापुरतें खुला बाजार समजलें जाई. तेथें प्रामाणिकपणें घेतलेली वस्तु पुढें चोरीची निघाली, तरी ती घेणाराचीच राही. सन १५९६ मध्यें याविषयीं एक प्रसिद्ध खटला झाला. चोरीचीं चांदीचीं भांडीं एका लेखनिकाच्या दुकानांत विकलीं गेलीं होतीं. न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, चांदी विकण्याची जागा सोनाराचें दुकान, लेखनिकाचें नव्हे. म्हणून या घेणारास संरक्षण नाहीं. इतकेंच नव्हे, तर सोनाराच्या दुकानींही पडद्याआड व्यवहार झाला असता, तर तोही टिकला नसता. हा नियम चोरांना सोयीचा होतो हें ध्यानीं येऊन पार्लमेंटानें १९९४ च्या कायद्यानें तो रद्द केला. नियम गेला, पण त्याच्या पोटांतील तीन अटी मला मोलाच्या वाटतात : दुकान त्या मालाचें असावें, व्यवहार दिवसाउजेडीं व्हावा, आणि तो चार लोकांच्या डोळ्यांसमोर व्हावा.

आपल्या देशानें हा नियम कायद्यांत घेतलाच नाहीं. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें सत्ताविसावें कलम सांगतें कीं, कांहीं ठराविक अपवाद सोडले तर, विकणाराचा जेवढा हक्क तेवढाच घेणाराला मिळतो. म्हणून शहाणा गिर्‍हाईक आधीं पावती विचारतो, आणि त्यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या मटण स्ट्रीटवरील चोर बाजाराचें नांव मुळांत ‘शोर बाजार’ होतें असें सांगतात. खरें खोटें कांहीं असो. नांव एकदां चिकटलें म्हणजे सज्जन व्यापार्‍यालाही तें वागवावें लागतें. तो बाजार काय किंवा पुण्यांत बुधवारीं व रविवारीं भरणारा जुना बाजार काय, तेथें हौसेनें घेणार्‍याला मौज आहे. विकणार्‍या गृहस्थाला मात्र दलालाच्या भावानेंच विकावें लागतें. कारण दलालाला जागा, वेळ आणि वस्तु न खपण्याची जोखीम, या सर्वांची किंमत त्याच भावांत भागवावयाची असते.

यापुढचें कोडें उलगडलें तें १९७० मध्यें. जॉर्ज ॲकर्लॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा : वस्तूंतली खोड विकणार्‍याला ठाऊक असते, घेणार्‍याला नसते. म्हणून घेणारा सर्वच वस्तूंना खोडकर धरून भाव पाडतो. मग चांगली वस्तु असलेला मनुष्य बाजारांतून निघून जातो, आणि मागें खोटा मालच उरतो. हा निबंध आरंभीं कांहीं नियतकालिकांनीं परत केला होता. पुढें २००१ मध्यें त्याच्या कर्त्यास दोघां अर्थशास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें. गाण्याच्या यंत्राला हें तंतोतंत लागूं आहे. सुई झिजली आहे कीं नाहीं, तें नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं. आवाज कोठें फाटतो, तें बंद यंत्र सांगत नाहीं.

यावर उपाय पतीचा. १९९५ मध्यें अमेरिकेंत पिअर ओमिड्यार यानें संगणकावर लिलावाचा बाजार मांडला. तोच पुढें ईबे झाला. पुढच्याच वर्षीं तेथें घेणार्‍यानें विकणार्‍याविषयीं आणि विकणार्‍यानें घेणार्‍याविषयीं चार शब्द जाहीर लिहावे, अशी सोय झाली. आपल्या गांवांत वाण्याची जी पत चावडीवर बोलली जाई, तीच येथें अनोळखी माणसांसाठीं लेखी झाली. पण जेथें पत लिहिली जात नाहीं, तेथें नुसती जाहिरात म्हणजे पडद्याआडचें दुकानच होय.

याचा अनुभव मला लगेच आला. मीं फोनवरून जाहिरात देतांच एका गृहस्थानें घासाघीस न करतां, वस्तु न पाहतां, मागितली ती किंमत कबूल केली. मीं हरखलों. त्यानें एक चौकोनी खूण धाडली आणि म्हणाला, “ही स्कॅन करून पिन दाबा, पैसे तुमच्या खात्यांत येतील.” वहिनींच्याच फोनवर माझें बोट आंकड्यांपर्यंत गेलें होतें. तेवढ्यांत वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, दूधवाल्याला पैसे देतांना मी पिन दाबतें, घेतांना कशाला दाबायची?” चाळीस वर्षें मुलांना शिकविलेल्या माणसाला त्या दिवशीं धडा मिळाला. पिन ही पैसे देण्यासाठीं असते, घेण्यासाठीं कधींच नसते.

मग मीं त्या तीन जुन्या अटी धरल्या. जुन्या तबकड्या जमविणार्‍या रसिकांत, म्हणजे त्या मालाच्या खर्‍या दुकानीं, शब्द टाकला. मूळ पावती शोधली, यंत्रावरचा क्रमांक टिपला, आणि एका लाउडस्पीकरांत आवाज किंचित् खरखरतो हेंही आपण होऊन सांगितलें. एक तरुण रविवारीं सकाळीं आपल्या वडिलांसह आला. आमच्याकडेही शेजारचे दोघे बसले होते. तबकडी लावली. स्नेह्यांच्या आवडीचा तोडीचा ख्याल सुरू झाला. वहिनी आंत गेल्या आणि तबकडी संपल्यावर बाहेर आल्या. पैसे खात्यांत जमा झाल्याचें त्यांनीं स्वतः पाहिलें, दोन्हीं बाजूंनीं कागदावर सही झाली. मगच यंत्राचा दांडा बांधून, वजन काढून, सुईवर झांकण घालून, दुहेरी खोक्यांत तें गेलें. भंगारवाल्यानें सांगितलेल्या किंमतीहून तें कितीतरी अधिकाला गेलें, पण वहिनींनीं त्या तरुणाला विचारलें तें निराळेंच : “रोज लावशील ना?”

सुरक्षित बाजार म्हणजे केवळ पैसे न बुडणारा बाजार नव्हे. वस्तूची कदर जाणणार्‍याच्या हातीं ती उजेडांत सोंपविणें, हेंही त्यांत येतें. चारशें वर्षांपूर्वींच्या त्या न्यायाधीशांना एवढेंच म्हणावयाचें असेल काय, कोण जाणे! आपल्या माळ्यावर असें एखादें यंत्र असेल, तर तें विकण्यापूर्वीं एकदां लावून पहा, एवढीच विनंति.