शनिवारवाडा : इतिहास आणि आख्यायिका

पुण्याच्या शनिवारवाड्याचे नाव ज्याच्या कानावरून गेले नाही असा मराठी माणूस विरळाच. तथापि पुष्कळांस त्या वास्तूचा इतिहास ठाऊक असतो त्याहून अधिक तिची भुताटकी ठाऊक असते. रात्री-अपरात्री त्या ओसाड जोत्यांवरून ‘काका, मला वाचवा’ अशी आर्त किंकाळी उठते, ही कथा आपल्या अंत्रुज महालातील घरांतूनही आजीच्या तोंडून नातवंडांनी ऐकलेली आहे. या कथेत इतिहास किती आणि कल्पना किती, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आपणां महाजनांस या वाड्याविषयी आपुलकी वाटण्यास एक विशेष कारण आहे. १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आलेल्या श्रीमंगेशाच्या देवस्थानास १७३९ मध्ये मंगेशी हा गाव पेशव्यांकडून मिळाला. त्यांचे सरदार व श्रींचे निष्ठावंत भक्त रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून हे दान झाले. त्या वेळी शनिवारवाड्याची वास्तुशांत होऊन अवघी सात वर्षे लोटली होती आणि पहिले बाजीराव हयात होते. म्हणजे ज्या घराण्याचे हे घर, त्याच्या औदार्याची खूण आपल्या देवळाच्या दारी आजही नांदते आहे.

बाजीरावांनी वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, घातला. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली, तोही शनिवारच. खर्च रुपये १६,११० इतका आला. पुढे तटबुरूज उठले. उत्तरेस अणकुचीदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा, शिवाय मस्तानी, खिडकी, गणेश इत्यादी दरवाजे झाले. नानासाहेबांच्या कारकीर्दीत गणेश महाल उभा राहिला, आणि हजारी कारंजाची शोभा लोक वाखाणू लागले. या जागी एका सशाने कुत्र्याचा पाठलाग केलेला पाहून बाजीरावांनी ती निवडली, अशी आख्यायिका आहे. मोठ्या वास्तूच्या जन्माला अशी एखादी कथा लोक जोडतातच. तिचा राग मानण्याचे कारण नाही.

परंतु ज्या कथेने या वाड्याला झपाटले तिच्या मुळाशी मात्र निखळ सत्य घटना आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव थेऊर येथे निवर्तले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग आदी गारदी आत घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव धावत चुलत्यांकडे गेले व त्यांच्या गळ्यास मिठी मारून जीवदान मागू लागले. धन्यास वाचविण्यासाठी चाफाजी टिळेकर हा सेवक आडवा पडला. त्या दोघांचाही तेथेच अंत झाला.

येथून आख्यायिकेचा प्रांत सुरू होतो. रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ असे केले, ही हकीकत ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही आली आहे. ती इतकी रुजली की भाषेत तिचा वाक्प्रचार होऊन बसला. या कथेमुळे एक गोष्ट सहज साधली : एका अक्षराच्या आड पुरुषाचा अपराध झाकला गेला आणि सारा दोष स्त्रीच्या पदरी पडला.

न्यायासनाची भूमिका मात्र निराळी होती. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून पेशवेपदावर बसलेल्या रघुनाथरावांनाच दोषी ठरविले, देहान्त हेच प्रायश्चित्त असे त्यांच्या तोंडावर सांगितले, आणि पद टाकून ते वाईकडे निघून गेले. ती शिक्षा कधीच अमलात आली नाही. बारभाईंनी रघुनाथरावांस दूर केले, तेव्हा ते इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्यातून पेटलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. पण चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मिळविलेली साष्टी (ठाण्याची) कायमची गेली. एका घरातल्या भाऊबंदकीची किंमत साऱ्या राज्याने मोजली.

किंकाळीच्या कथेकडे या दृष्टीने पाहिले की तिचा अर्थ उलगडतो. कोणी म्हणतात ती पौर्णिमेस ऐकू येते, कोणी म्हणतात अमावास्येस. वस्तुतः खुनाची तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पौर्णिमाही नव्हे, अमावास्याही नव्हे. तेव्हा कथा पंचांग पाहून रचलेली नाही हे उघड आहे. पण त्या हाकेत नाव कोणाचे येते? काकीचे नव्हे, काकांचे. कागदावरील अक्षराचा वाद विसरून लोकस्मृतीने त्या एका हाकेत रामशास्त्र्यांचाच निवाडा जतन केला. ज्या अपराधास राजदंड मिळाला नाही, त्यास लोकांनी अशी न संपणारी शिक्षा दिली.

त्या वाड्यास पुन्हा स्वास्थ्य लाभले नाही. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव तेथेच वरून कारंजावर कोसळले व दोन दिवसांनी वारले. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतले महाल भस्मसात झाले. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. १९१९ मध्ये सरकारने त्यांस संरक्षण दिले. तोवर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) हा प्रसंग रंगभूमीवर नेला होता, पुढे १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने तो घरोघर पोचविला. महाल जळाले त्या जागी कथा वस्तीस आली.

ओसाड घर बोलू लागते ते असे. आपल्याही गावांतून अशी दारे बंद झालेली वडिलोपार्जित घरे आहेत. वाटणीचे तंटे मिटले नाहीत, वारस मुंबईस वा परदेशी गेले, आणि मागे ‘तिथे काहीतरी आहे’ एवढीच कुजबूज राहिली. त्या घरांतील पेटाऱ्यांत जुनी मोडी दप्तरे, सनदा, देवस्थानच्या हिशेबाच्या वह्या वाळवीच्या तोंडी जात आहेत. शनिवारवाड्याची कथा पारखून घेता आली, कारण तिच्या जोडीस कागद टिकले. आपल्या घरांचे कागद गेले तर पुढील पिढीच्या हाती केवळ भुते उरतील. भीती बाजूस सारून ती दारे एकदा उघडावीत, कागद बाहेर काढून वाचवून घ्यावेत आणि ते नीट जपले जातील अशी व्यवस्था करावी, एवढीच महाजन बंधुभगिनींस नम्र विनंती.