जंजिऱ्याची बेगम युरोपच्या वाटेवर

जंजिरा म्हटले की आपल्याकडे एकच चित्र उभे राहते. समुद्रातला किल्ला, कलालबांगडी तोफ, आणि तो किल्ला घेण्यासाठी शिवाजी महाराजांनी व संभाजी महाराजांनी केलेले प्रयत्न. शाळेच्या पुस्तकातला सिद्दी तिथेच संपतो. मुरुडला गेलेला पर्यटक शिडाच्या होडीतून किल्ल्यावर जातो, तासाभरात परत येतो आणि मासे खाऊन अलिबागच्या रस्त्याला लागतो. सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत होते, त्यात मुरुडबरोबर म्हसळा आणि श्रीवर्धन होते, म्हणजे पेशव्यांचे मूळ गाव शेवटपर्यंत सिद्दीच्या राज्यात होते, हे बऱ्याच जणांना ऐकून आश्चर्य वाटते.

याच संस्थानचे नवाब सिद्दी अहमद खान आणि त्यांच्या बेगम नाझली रफिया सुलतान १९०८ च्या उन्हाळ्यात युरोपच्या प्रवासावर होते. सोबत बेगमची धाकटी बहीण अतिया फैझी होती. प्रवासावर पुस्तक निघाले, ते नवाबांचे नव्हे, बेगमचे. नाव ‘सैर-ए-यूरोप’, भाषा उर्दू, छापले लाहोरला. मराठी प्रवासवर्णनांचा इतिहास सांगताना हे पुस्तक आपण धरत नाही, कारण ते मराठीत नाही. उर्दूचा इतिहास सांगणारे ते धरतात, पण त्यांना मुरुड कुठे आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. आमच्या नागपुरात मोमीनपुऱ्यात उर्दू वाचली जाते आणि महालात मराठी. दोन्ही वाचणारी माणसेही पुष्कळ आहेत, पण लिहायला बसली की ती एकाच बाजूला बसतात. नाझली बेगम या दोन कपाटांच्या मधल्या फटीत पडल्या.

आधी थोडे मागे जाऊ. १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला आणि मुंबईहून युरोप जवळ आला. बोट एडन, सुएझ, पोर्ट सैद करत इटलीतल्या ब्रिंडिसीला किंवा फ्रान्समधल्या मार्सेलला लागायची. तिथे उतरून रेल्वे धरली की जिब्राल्टरचा लांबचा समुद्री वळसा वाचत असे. त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक प्रवाशांनी युरोपची पहिली जमीन पाहिली ती दक्षिणेची, आणि पहिला अनुभव घेतला तो आगगाडीच्या डब्यातून.

आपल्या राजांपैकी या वाटेवरचा सर्वात करुण प्रवास कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा. १८७० मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी ते विलायतेला गेले. जुलैत फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले. परतीच्या प्रवासात महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. तिथे १८७४ मध्ये उभारलेले स्मारक अजून आहे, आणि जवळच्या पुलाला इटालियन लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याने संपादून १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. राजाची हकिकत छापली गेली, राण्या कोल्हापुरातच राहिल्या.

पती-पत्नी बरोबर गेले ते बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला निघाले तेव्हा चिमणाबाई बरोबर होत्या. बडोद्यात त्या पडद्यात राहत. पुढे अनेक प्रवास झाले. १९११ मध्ये त्यांनी एस. एम. मित्रा यांच्यासह भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १९१४ मध्ये बडोद्याच्या न्यायमंदिरात त्या पतीशेजारी उघडपणे बसल्या. एका बाईला पडद्याबाहेर यायला आगगाड्या आणि आगबोटी धरून सत्तावीस वर्षे लागली. पैसा होता, नवरा अनुकूल होता, तरीसुद्धा.

नाझली बेगमची गोष्ट वेगळ्या टोकापासून सुरू होते. त्यांचा जन्मच १८७४ मध्ये इस्तंबूलचा. वडील हसनअली फैजहैदर हे सुलेमानी बोहरा व्यापारी, त्यांचा तिथे व्यापार होता. बद्रुद्दीन तय्यबजींच्या गोतावळ्यातले हे घर. याच बद्रुद्दीन तय्यबजींनी १९०३ मध्ये मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सच्या अध्यक्षपदावरून सांगितले होते की आपल्याकडचा पडदा धर्माने सांगितलेल्या मर्यादेच्या पलीकडे गेला आहे. घराण्याची आणखी एक रीत मला फार महत्त्वाची वाटते. तय्यबजी-फैझी कुटुंबांत ‘अखबार की किताब’ नावाच्या वह्या असत. घरात आलेल्या-गेलेल्या कुणीही त्यात लिहावे: सहल, आजारपण, लग्न, पाऊस. बायकाही लिहीत. या घराण्याने गुजराती मागे ठेवून उर्दू जवळ केली होती, आणि ती या वह्यांतून घरात मुरली. बेगमच्या पुस्तकाची मुळे मला साहित्यापेक्षा या वह्यांत जास्त दिसतात. ज्या घरात बाईने दिवसभराचे टिपून ठेवणे ही रोजची गोष्ट असते, तिथल्या बाईला मार्सेलच्या धक्क्यावर उतरल्यावर ‘मी काय लिहू’ असा प्रश्न पडत नाही.

मात्र याच घराने १८८६ मध्ये त्यांचे लग्न लावले तेव्हा त्या जेमतेम बारा वर्षांच्या होत्या. नवाब चोवीस वर्षांचे, राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकलेले. पडद्यावर पुढारलेली मते आणि बारा वर्षांची नवरी, हे दोन्ही एकाच घराण्यात होते. त्या काळच्या मराठी सुधारकांच्या घरांतही हेच दिसते, म्हणून याबद्दल फक्त एकाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आता १९०८ चा प्रवास. मुरुडला आजसुद्धा रेल्वे नाही. त्या काळी मुंबई गाठायची ती समुद्रानेच. मुंबईहून मोठी बोट, आणि युरोपात पोहोचल्यावर रेल्वे. मार्सेलहून पॅरिसला जाणारा लोहमार्ग सुमारे साडेआठशे किलोमीटरचा, रोन नदीच्या खोऱ्यातून आव्हिन्यों, लिओं करत वर चढणारा. द्राक्षमळे, दगडी गावे, मग हळूहळू हिरवे होत जाणारे रान. लंडनमध्ये मंडळींची इक्बालशी भेट झाली. अतिया आधी १९०६ मध्ये शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांची इक्बालशी ओळख होती. अतिया आणि इक्बाल यांवर इतके लिहिले गेले आहे की नाझली बेगम त्या गोष्टीत नुसत्या ‘अतियाची बहीण’ होऊन बसतात. मला त्यात रस नाही.

मला रस आहे तो इस्तंबूलमध्ये. युरोप पाहून ही मंडळी इस्तंबूललाही गेली. १८७४ मध्ये बेगम तिथे जन्मल्या तेव्हा पश्चिम युरोपातून त्या शहरापर्यंत सलग रेल्वे नव्हती. ती १८८८ मध्ये जोडली गेली, आणि सिर्केजीचे स्टेशन १८९० मध्ये उघडले. बुडापेस्ट, बेलग्रेड, सोफिया, एदिर्ने असा तो मार्ग. ज्या वर्षी हे जोडपे गेले ते वर्ष तर विलक्षण. जुलै १९०८ मध्ये तरुण तुर्कांच्या उठावापुढे नमून सुलतान अब्दुल हमीद यांनी तीस वर्षे गुंडाळून ठेवलेली राज्यघटना पुन्हा लागू केली. सप्टेंबरमध्ये बल्गेरियाने याच लोहमार्गाचा आपल्या हद्दीतला भाग ताब्यात घेतला, ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र राज्य जाहीर केले, आणि लगेच ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला. हिंदुस्थानातले मुसलमान ज्या साम्राज्याकडे मोठ्या आशेने पाहत होते, ते रुळावरच्या डब्यांसारखे एकेक सुटत चालले होते. कोकणातल्या एका छोट्या संस्थानची राणी अशा वर्षी आपल्या जन्मगावी पाहुणी म्हणून आली होती. मौलाना शिबली नोमानीही १८९२ मध्ये इस्तंबूलला जाऊन आले होते आणि त्यांचे प्रवासवर्णन गाजले. पुढे ते या बहिणींचे स्नेही झाले, जंजिऱ्याला पाहुणे म्हणून राहिले. त्यांचे पुस्तक आजही छापले जाते. बेगमचे शोधावे लागते.

हा प्रवास कुणाच्या पैशाने झाला, हेही विचारले पाहिजे. १९०१ च्या शिरगणतीत जंजिरा संस्थानची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती, बहुतेक मराठी बोलणारी. भात, नारळ, सुपारी आणि मासळीवर जगणारी माणसे. नवाबांच्या कारकिर्दीत मुरुडला शाळा आणि पाणीपुरवठा आला हे खरे. पण बेगमने जे पाहिले ते त्या प्रजेच्या भाषेत कधी उतरले नाही. सयाजीरावांनी प्रवासात पाहिलेली ग्रंथालये बडोद्यात खेड्यापाड्यांत नेली. जंजिऱ्यात तसे काही मोठे झाले नाही. संस्थान लहान होते, हे एक कारण. दुसरे कारण घरातच होते.

नवाबांना मूल नव्हते. १९१३ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले आणि नाझली बेगम वेगळ्या झाल्या. सत्तावीस वर्षांचा संसार मोडला. १९१४ मध्ये वारस जन्मला. १९२२ मध्ये नवाब वारले तेव्हा मुलगा आठ वर्षांचा, म्हणून त्याची आई कुलसुम बेगम यांनी १९३३ पर्यंत कारभार पाहिला. म्हणजे जंजिऱ्याला अकरा वर्षे बाईचेच राज्य होते. फक्त ती बाई दुसरी होती.

नाझली बेगम मुंबईत अतियाजवळ राहू लागल्या. अतियाने १९१२ मध्ये सॅम्युएल रहामिन या पुण्यात जन्मलेल्या बेने इस्रायली चित्रकाराशी लग्न केले होते. त्याने इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी फैझी-रहामिन हे जोडनाव घेतले. हे जोडपेही युरोपात हिंडले. १९१४ मध्ये रहामिनच्या चित्रांचे पॅरिसला प्रदर्शन झाले आणि अतियाचे हिंदुस्थानी संगीतावरचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. फाळणीनंतर तिघेही कराचीला गेले. तिथे त्यांनी उभारलेले घर पुढे त्यांच्या हातून गेले आणि म्हातारपण हलाखीत निघाले. रहामिन १९६४ मध्ये गेले, अतिया १९६७ मध्ये.

मुरुडच्या टेकडीवर नवाबाचा राजवाडा अजून उभा आहे. खासगी मालकीचा, आत सोडत नाहीत. रस्त्यावरून फोटो काढणाऱ्यांना गाइड नवाबाचे नाव सांगतो, बेगमचे सांगत नाही.