आडनांवाचें झालेलें क्रियापद

इंग्रजींतील पुष्कळसे शब्द ग्रीक, लॅटिन किंवा जर्मानिक मुळांपासून आलेले आहेत. परंतु नित्याच्या बोलण्यांतला 'बॉयकॉट' हा शब्द एका मनुष्याच्या आडनांवापासून झाला, आणि त्याच्या जन्माचें वर्षहि निश्चित सांगतां येतें.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडांतील मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ सालीं पीक बुडालें. पुढील वर्षीं कुळांनीं खंडांत शेंकडा २५ सूट मागितली. धन्यानें १० देऊं केली. सप्टेंबर १८८० मध्यें बॉयकॉटनें जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. त्याच महिन्यांत एनिस येथील सभेंत पार्नेल या पुढाऱ्यानें सांगितलें होतें कीं, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशीं सर्व व्यवहार बंद करावे. मेयोच्या लोकांनीं तोच उपाय कारभाऱ्यावर योजिला. मजूर शेत सोडून गेले, दुकानदार माल देईनात, टपाल आणणारा पोऱ्याहि धजेना. नोव्हेंबरांत अल्स्टरमधून ५० माणसें पीक काढावयास आलीं. त्यांच्या रक्षणास सुमारें हजार शिपाई लागले. सुमारें ५०० पौंडांच्या पिकापायीं १०,००० पौंड खर्चीं पडले, असा अंदाज आहे. डिसेंबरच्या आरंभीं बॉयकॉटनें आयर्लंड सोडलें.

जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराच्या सांगण्याप्रमाणें, ग्रीक मुळाचा 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द शेतकऱ्यांना उमगणार नाहीं म्हणून फादर जॉन ओमॅली या धर्मोपदेशकानें कारभाऱ्याचें आडनांवच सुचविलें. नोव्हेंबरांतच तें लंडनच्या वृत्तपत्रांत आलें; पुढें फ्रेंच, जर्मन व रशियन भाषांनींहि तें उचललें.

मराठीस याकरितां नवा शब्द घडवावा लागला नाहीं. 'बहिष्कार' हा शब्द आधींपासून होता. पण तो जातींतून व पंक्तींतून माणसाला बाहेर टाकण्याचा. १९०५ मध्यें परदेशी मालावरील बहिष्कारानें त्यास नवें तेज आलें. तरी जुना अर्थ मिटला नाहीं. १९२७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या पाक्षिकास 'बहिष्कृत भारत' हें नांव दिलें, तें त्याच अर्थाची जाणीव ठेवून. आणि २०१६ सालीं सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्राला करावा लागला. मेयोंत निर्बळांनीं सबळाविरुद्ध उचललेलें शस्त्र गांवानें एखाद्या एकाकी कुटुंबावर उगारलें, तर शब्द तोच राहतो, न्याय मात्र उरत नाहीं.