डॉ. अभय बंग यांचे शोधनिबंध : दाखले किती, असर किती

इचोडा : दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या दिवसापासून आशा कार्यकर्तीने घरी यायचं, बाळाचं वजन करायचं, अंग थंड पडलंय का ते पाहायचं, दूध नीट ओढतंय का विचारायचं. तेलंगणात असो की महाराष्ट्रात, नियम एकच. या नियमाचं मूळ आपल्या शेजारीच आहे. प्राणहिता ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून तिथे काम करते. दोघांनाही २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण डॉक्टरी जगात त्यांचं नाव पोहोचलं ते शोधनिबंधांमुळे.

संशोधकाची पत मोजायला हल्ली सायटेशन पाहतात. सायटेशन म्हणजे दाखला. एकाने निबंध छापला, दुसऱ्याने आपल्या निबंधात त्याचा आधार दिला, की एक दाखला जमा. यावरूनच एच-इंडेक्स निघतो. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा दाखले मिळाले असतील तर त्याचा एच-इंडेक्स दहा. हिशेब सोपा आहे, म्हणूनच चालतो. पण एकाच माणसाचा आकडा गूगल स्कॉलरवर वेगळा आणि स्कोपसवर वेगळा दिसतो, कारण दोघांची वही वेगळी. शिवाय विरोधात लिहिलेला दाखलाही गणतीत धरला जातो.

बंग दांपत्याचे तीन निबंध मुख्य मानले जातात आणि तिन्ही ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकातले. पहिला जानेवारी १९८९ चा. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तर ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायकांचं आरोग्य म्हणजे नुसतं कुटुंबनियोजन नव्हे, हे म्हणणाऱ्यांच्या हाती त्यामुळे ठोस आकडे आले. दुसरा १९९० चा, लहान मुलांच्या न्यूमोनियावर. गावातल्याच माणसांना आणि दायांना शिकवून औषध द्यायला लावलं, तेव्हा न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले.

तिसरा ४ डिसेंबर १९९९ चा. सर्वांत जास्त चर्चा याचीच झाली. ३९ गावांत शिकवलेल्या गावातल्याच बायका नवजात बाळाच्या घरी जात, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. ४७ गावं तुलनेला ठेवली होती. तिसऱ्या वर्षी या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे २५.५ नवजात मृत्यू झाले, तुलनेच्या गावांत ५९.६. सुरुवातीचा फरक धरून घट ६२ टक्के निघाली. खर्च प्रत्येक बाळामागे सव्वापाच डॉलरच्या आसपास. अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळतो, असा त्यांचा हिशेब होता. शाळा जेमतेम शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यायची म्हटल्यावर वाद होणारच, तो झालाही. २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनेटॉलॉजी’ने या कामावर स्वतंत्र पुरवणीच काढली.

खरा दाखला मात्र दुसऱ्याने तेच काम स्वतःच्या भागात करून पाहिलं तेव्हा मिळतो. तसं तीन ठिकाणी झालं. उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी घटले, तेही इंजेक्शनशिवाय. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये ३४ टक्क्यांनी. पाकिस्तानातल्या हाला भागात सरकारी यंत्रणेतूनच काम चालवलं, तिथे घट १५ टक्के. म्हणजे गडचिरोलीचा ६२ चा आकडा सगळीकडे जसाच्या तसा येत नाही. देखरेख सैल पडली की फायदाही घटतो, असा अर्थ त्यातून काढता येतो. दाखल्यांच्या यादीत मात्र तिन्ही ठिकाणांची किंमत सारखीच, एक-एक.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांच्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये आशांमार्फत कार्यक्रम देशभर लागू केला. त्यात वजन, ऊब, स्तनपान, धोक्याची लक्षणं ओळखणं आणि वेळेत पाठवणं एवढं घेतलं. इंजेक्शन आशाच्या हाती दिलं नाही. २०१४ मध्ये ते एएनएमला देण्याची परवानगी झाली. निबंधातला नेमका किती भाग सरकारने उचलला आणि कोणता सोडला, हे कोणत्याच इंडेक्समध्ये दिसत नाही. आशांच्या प्रशिक्षण पुस्तिकाही दाखल्यांच्या गणतीत येत नाहीत.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर भेटी सहा : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. भेटी पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये मोबदला ठरलेला आहे. बाळ दूध ओढेना, अंग थंड किंवा तापलेलं लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठायचा.