आजीची दोन नावं
बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून. त्यामुळं आमच्याकडं गल्लीत एक तरी फौजी असतोच. आमचे आजोबा १९६३ साली भरती झाले. पुढं लग्न झालं, पलटणीत पार्ट टू ऑर्डर निघाली आणि त्यात आजीचं माहेरचं नाव लागलं. घरी मात्र तांदळात अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव रुळलं. रेशन कार्ड, आधार, सगळीकडं तेच.

पन्नास वर्षं काही अडलं नाही. गेल्या वर्षी आजोबा आजारी पडले, पीपीओ काढून बघितला आणि पोटात गोळा आला. उद्या फॅमिली पेन्शन मागणारी बाई कागदावर वेगळीच होती!

दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र केलं. पेपरात जाहिरात दिली. जोडीचा फोटो लावून अर्ज रेकॉर्ड ऑफिसला, तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात. दुरुस्तीचा पीपीओ आला. आजी एवढंच म्हणाली, "माझं माहेरचं नाव तेवढ्या एका कागदावर होतं रे."

मंडळी, घरात माजी सैनिक असतील तर पीपीओ आजच बघा. त्यांची स्वतःची सही मिळते तोवर हे काम सोपं आहे.